मिशिगन सरोवरात सॅमन गरवायला जायचंय? बोटीआधी महिना ठरवा

शिकागो, मिलवॉकी किंवा ग्रँड रॅपिड्सकडे राहणाऱ्या मराठी घरांत उन्हाळ्यात एक बेत हमखास निघतो. भारतातून आई-बाबा आलेले असतात, कोकणातला एखादा काका बरोबर असतो, आणि कुणीतरी म्हणतं, "चला, बोटीने मासे धरायला जाऊ." मग इंटरनेटवर सगळ्यात स्वस्त बोट शोधली जाते, सोयीचा शनिवार पकडला जातो, आणि पाच तास सरोवरात डुलून मंडळी एक-दोन मासे घेऊन परततात. बोट वाईट नसते, कॅप्टनही नाही. त्या आठवड्यात मासा त्या बंदरासमोर नसतो, एवढंच. म्हणून या लेखाचा क्रम ठरलेला आहे: आधी महिना, मग बंदर, मग कॅप्टन, आणि भाव सगळ्यात शेवटी.

सरोवरात काय आहे

मिशिगन सरोवर साधारण ५८,००० चौरस किलोमीटरचं आहे आणि सर्वांत खोल जागी २८१ मीटर खोल. समोरचा काठ दिसत नाही, लाटा समुद्रासारख्या येतात, फक्त पाणी गोडं. पाच प्रकारचे मासे चार्टरवाल्यांच्या, म्हणजे भाड्याच्या मासेमारी बोटीवाल्यांच्या, कामाचे: चिनूक (तिथे सगळे त्याला 'किंग' म्हणतात) आणि कोहो हे दोन सॅमन, आणि स्टीलहेड, ब्राउन ट्राउट आणि लेक ट्राउट हे तीन ट्राउट. यातला फक्त लेक ट्राउट मूळचा इथला. बाकी चौघे माणसाने आणून सोडलेले.

ही कथा थोडी माहीत असलेली बरी, कारण मासा कुठे सापडेल याचं उत्तर तिच्यातच आहे. समुद्रातून कालव्यांच्या वाटेने आलेल्या लॅम्प्रेने, म्हणजे माशांना चिकटून रक्त पिणाऱ्या सापासारख्या जीवाने, आणि बेसुमार मासेमारीने १९५० च्या दशकापर्यंत इथला लेक ट्राउट जवळपास संपवला. खाणारा मोठा मासा उरला नाही, तेव्हा बाहेरून आलेल्या एलवाइफ नावाच्या लहान चंदेरी माशाची संख्या अफाट वाढली. १९६७ मध्ये हे एलवाइफ इतके मेले की शिकागोच्या चौपाट्यांवर ढीग लागले आणि ते यंत्रांनी उपसावे लागले. त्याच्या आदल्याच वर्षी, १९६६ च्या वसंतात, मिशिगन राज्याने पॅसिफिककडून आणलेल्या अंड्यांतून वाढवलेली कोहोची पिल्लं नद्यांत सोडली होती. १९६७ मध्ये चिनूक सोडला. एलवाइफ खाऊन हे मासे असे माजले की काठावरच्या गावांत चार्टरचा धंदाच उभा राहिला.

आजही गणित तेच आहे. किंग एलवाइफच्या मागे आणि गार पाण्याच्या मागे फिरतो. मधल्या काळात क्वागा शिंपल्यांनी पाण्यातलं सूक्ष्म अन्न गाळून घेतलं, एलवाइफ घटले, म्हणून राज्यांनी चिनूकची पिल्लं सोडणं बऱ्याच वेळा कमी केलं. तरीही मोठा मासा संपलेला नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये लडिंग्टनसमोर ४७.८६ पौंडांचा, म्हणजे जवळजवळ २२ किलोचा चिनूक निघाला आणि मिशिगन राज्याचा जुना विक्रम मोडला.

महिना आणि बंदर

एप्रिल-मे: दक्षिण टोक. इथलं उथळ पाणी आधी कोमट होतं, म्हणून कोहो तिकडे गोळा होतो. मिशिगन सिटी, शिकागो, वॉकीगन, आणि मेच्या अखेरीपासून जूनमध्ये केनोशा-रसीन. कोहो लहान, दोन ते पाच पौंडांचा, पण थव्याने येतो. एकाच वेळी चार रॉड वाकतात आणि बोटीवर धांदल उडते. लहान मुलं, पहिल्यांदा जाणारे, आणि "मासा लागलाच पाहिजे" असा आग्रह असणारे, या सगळ्यांसाठी हाच काळ. चवीलाही वसंतातला कोहो मला सगळ्यांत आवडतो.

जुलै ते ऑगस्टचा मध्य: किंगचे दिवस. विस्कॉन्सिन बाजूला मिलवॉकी, पोर्ट वॉशिंग्टन, शबॉयगन. मिशिगन बाजूला लडिंग्टन, मॅनिस्टी, फ्रँकफर्ट. मासे कमी, पण एकेक वीस पौंडांपर्यंत. ज्याला दंडातली ताकद अजमावायची आहे त्याने तेव्हा जावं. लेक ट्राउट तळाशी असतोच. किंग रुसला की बरेच कॅप्टन त्याच्याकडे वळतात.

ऑगस्टअखेर ते सप्टेंबर: किंग अंडी घालायला नद्यांकडे निघतो आणि बंदरांच्या तोंडाशी जमतो. फोटोला हे मासे जबरदस्त. खायला मात्र उशिराचा मासा नको. अंगाचा चंदेरी रंग जाऊन तो काळपट होतो आणि मांस फिकं, मऊ पडतं. खाण्यासाठीच जाणार असाल तर ऑगस्टच्या मध्यापलीकडे ताणू नका.

वाऱ्याची एक खूण लक्षात ठेवा. विस्कॉन्सिन बाजूला नैर्ऋत्येचा किंवा पश्चिमेचा वारा दोन-तीन दिवस सलग राहिला की वरचं कोमट पाणी आत ढकललं जातं आणि तळाचं गार पाणी किनाऱ्याजवळ वर येतं. किंगला साधारण ५० ते ५५ फॅरनहाइटचं (१० ते १३ सेल्सिअस) पाणी मानवतं, तेव्हा तोही किनाऱ्याकडे सरकतो. अशा वेळी बंदरातून निघाल्यावर अर्ध्या तासात गळ पाण्यात पडतात. नाहीतर भर उन्हाळ्यात तेच पाणी गाठायला दूर जावं लागतं आणि पाचातला दीड तास जाण्यायेण्यात जातो.

शिकागोकरांनो, लडिंग्टन-मॅनिस्टीला जाताना घड्याळ विसरू नका. मिशिगनचा तो काठ ईस्टर्न वेळेवर चालतो. तिथले पहाटेचे पाच म्हणजे तुमच्या शरीराचे चार. आदल्या रात्री तिथेच मुक्काम करा.

कॅप्टन आणि बोट

चार्टर म्हणजे बोट, कॅप्टन, मदतनीस (मेट) आणि सगळी अवजारं तुमच्या गटासाठी काही तास भाड्याने घेणं. पैसे घेऊन माणसं नेणाऱ्या कॅप्टनकडे अमेरिकन कोस्ट गार्डचा परवाना असावाच लागतो. बहुतेकांचा परवाना 'सिक्स पॅक' असतो, म्हणजे बोट कितीही मोठी दिसली तरी पैसे देणारे पाहुणे सहाच. तुम्ही आठ जण असाल तर दोन बोटी घ्या. "होईल की अॅडजस्ट" हे इथे चालत नाही, आणि जो कॅप्टन चालवून घेतो त्याच्या बोटीवर जाऊ नका.

पाच-सहा तासांच्या फेरीचा भाव साधारण ५०० ते ९०० डॉलरच्या घरात असतो. बंदर, हंगाम आणि माणसं यांवर तो बदलतो. भाव विचारण्याआधी फोनवर हे विचारा: गेल्या वर्षी याच आठवड्यात तुम्ही कोणता मासा धरत होता आणि किती खोलीवर? वाऱ्यामुळे फेरी रद्द झाली तर आगाऊ रक्कम परत मिळते की फक्त तारीख बदलते? मासे साफ करून देणं भाड्यात आहे का? बोटीवर बंद दाराचं टॉयलेट आहे का? शेवटचा प्रश्न विचारायला लोक लाजतात. आई किंवा सासूबाई बरोबर असतील तर तोच सगळ्यांत आधी विचारा.

पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावरून माणूस कळतो. "अहो, मासे भरपूर आहेत" एवढंच म्हणणारा सोडा. "त्या आठवड्यात आम्ही शंभर-दीडशे फूट पाण्यात होतो, पहाटे किंग, उजाडल्यावर लेक ट्राउट," असं सांगणारा धरा.

फेरी शक्यतो पहाटेचीच घ्या. किंग अंधार आणि उजेड यांच्या सीमेवर सर्वांत जास्त तोंड उघडतो. सातची फेरी झोपेला सोयीची, पण तोवर मेजवानीची पहिली पंगत उठलेली असते.

परवाना

कॅप्टनचा परवाना त्याचा, तुमचा तुमचा. गळ धरणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाला राज्याचा मासेमारी परवाना लागतो. विस्कॉन्सिन आणि इलिनॉयमध्ये वय १६ पासून, मिशिगनमध्ये १७ पासून. विस्कॉन्सिन, इलिनॉय आणि इंडियाना इथे सॅमन-ट्राउटसाठी वेगळा 'स्टँप'ही घ्यावा लागतो. थोड्या दिवसांचे स्वस्त परवाने मिळतात, आणि त्यांत स्टँप धरलेला आहे की नाही ते नीट वाचा. सगळं राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याच्या, म्हणजे डीएनआरच्या, संकेतस्थळावर होतं. पाहुण्या आई-बाबांसाठी पासपोर्ट समोर घेऊन बसा आणि आदल्या रात्रीच आटपा. पहाटे साडेचारला धक्क्यावर फोनची रेंज शोधत परवाना काढणारे लोक दर आठवड्याला दिसतात.

रोजची मर्यादा बहुतेक ठिकाणी माणशी सॅमन-ट्राउट मिळून पाच अशी असते, आणि लेक ट्राउटला त्यात वेगळी अट असू शकते. हे आकडे बदलतात, त्या वर्षीचे पाहून घ्या.

आदला दिवस

एनओएएचा, म्हणजे अमेरिकन सरकारी हवामान खात्याचा, किनारी अंदाज उघडा आणि लाटांची उंची बघा. एक ते तीन फूट ठीक. चार ते सहा फूट असतील तर नवख्यांचे हाल ठरलेले, कारण या सरोवरातल्या लाटा समुद्रापेक्षा जवळजवळ येतात आणि बोट सावरायच्या आत पुढची आदळते. विस्कॉन्सिनच्या काठावर ईशान्येचा वारा सर्वांत वाईट, तो पूर्ण सरोवर ओलांडून येतो. कॅप्टनने फेरी रद्द केली तर त्याच्याशी हुज्जत घालू नका. २३ सप्टेंबर १९६७ ला, कोहोच्या त्या पहिल्या वेडात, वादळाचा इशारा असूनही शेकडो लहान होड्या मिशिगन राज्याच्या काठावर प्लॅट बेच्या आसपास पाण्यात गेल्या आणि सात माणसं बुडाली.

बोट लागणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून मेक्लिझिनसारखी गोळी आदल्या रात्री आणि पुन्हा निघायच्या तासभर आधी घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर गोळी घेण्यात अर्थ नसतो. आलेपाकाची वडी खिशात ठेवा. रिकाम्या पोटी जाऊ नका, आणि तेलकट पोह्यांची थाळी रिचवूनही नको. उलटी आलीच तर वारा येतो त्या दिशेला तोंड करून करू नये, हे सांगावं लागतं.

कपडे थरावर थर. शहरात ३० सेल्सिअस असलं तरी पहाटे पाण्यावर दात वाजतात. जूनमध्ये माझ्या बॅगेत कानटोपी असते आणि ती लागते. बूट मऊ, पांढऱ्या तळव्याचे, कारण काळा सोल डेकवर रेघा उमटवतो. खायला थेपले, तिखट-मीठाच्या पुऱ्या, चिक्की, असं हातात धरून खाता येईल ते. केळी मात्र घरी ठेवा. बोटीवर केळं म्हणजे अपशकुन, ही इथल्या कोळ्यांची पक्की समजूत आहे, आणि काही कॅप्टन खरोखर ते पाण्यात भिरकावतात. उपवास असेल तर शेंगदाण्याचे लाडू न्या. माणसाच्या देवापुढे वाद घालण्यात काय हशील?

मोठा कूलर आणि बर्फ गाडीत ठेवा. बोटीवर जागा नसते.

बोटीवर काय घडतं

नांगर टाकून बसायचं नाही. बोट ताशी दोन-तीन मैलांच्या संथ वेगाने चालत राहते आणि मागे दहा-बारा गळ ओढले जातात. याला ट्रोलिंग म्हणतात. गळ वेगवेगळ्या खोलीवर आणि रुंदीवर पसरवणं हीच कॅप्टनची कला. डाउनरिगर म्हणजे पोलादी तारेला टांगलेला दहा-पंधरा पौंडांचा गोळा. तुमची दोरी त्याला चिमट्याने अडकवून हवी तितकी खाली सोडतात. डिप्सी डायव्हर ही तळहाताएवढी चकती असते, ती दोरीला खाली आणि बाजूला खेचते. प्लेनर बोर्ड पाण्यावर तरंगत गळ बोटीपासून दूर नेतो, कारण पाण्याच्या वरच्या थरातला मासा इंजिनला बिचकतो. आमिष बहुधा चमकणारा धातूचा स्पून, किंवा गरगरणारा फ्लॅशर आणि त्यामागे झुरमुळ्यांची फ्लाय. वसंतातल्या कोहोला लहान नारिंगी डॉजर (डोलणारी पट्टी) आणि त्यामागे इवलीशी फ्लाय लागते. का, ते कोहोलाच ठाऊक.

पहिली वीस मिनिटं मेट दोऱ्या सोडत असतो. तेव्हा त्याच्या वाटेत उभं राहू नका आणि रॉडला हात लावू नका. तेवढ्यात रॉड कुणी कोणत्या क्रमाने घ्यायचा ते आपसांत ठरवा, नाहीतर मासा लागल्यावर भावकीचं भांडण होतं.

डाउनरिगरचा रॉड ताणामुळे कमानीसारखा वाकलेला असतो. मासा आमिष घेतो तेव्हा दोरी चिमट्यातून सुटते आणि रॉड क्षणभर सरळ उभा राहतो. नवखा माणूस समजतो, गेला. उलट हाच तो क्षण. मेट रॉड काढून तुमच्या हातात देईल, ढील भरेपर्यंत रीळ भराभर फिरवा. मग रॉड पुन्हा वाकतो आणि पलीकडे कुणीतरी जिवंत असल्याचं मनगटाला कळतं.

पुढचे नियम थोडेच, पण मोडले की मासा गेला. रॉडचं टोक वर. दोरी कधीही सैल नाही. रॉड हळूच वर उचला, खाली आणताना रीळ फिरवा, पुन्हा उचला. झटका देऊ नका. किंग धावला की रीळ चर्रर्र ओरडते आणि दोरीची लांबी मोजणारा आकडा भराभर वाढतो. तेव्हा हँडलवरून हात काढा. हट्टाने फिरवत बसलात तर दोरी तुटते किंवा गळ ओठातून फाटून निघतो. पळू द्या, तो थांबेल, मग तुमची पाळी. चांगल्या किंगबरोबर दहा-पंधरा मिनिटं सहज जातात. बोटीजवळ आल्यावर तो एकदा शेवटचा पळतोच, आणि सगळ्यांत जास्त मासे तिथेच सुटतात. मेट जाळं घेऊन उभा राहिला की तुम्ही रॉड उंच धरून दोन पावलं मागे सरका आणि तो सांगेल तेच करा. मोबाइलवरचं चित्रीकरण दुसऱ्याकडे द्या.

उन्हाळ्यात कधी कधी दोरीवर ओल्या कापसासारखे लगदे अडकतात. तो काट्यांचा पाणपिसू नावाचा बाहेरून आलेला इवलासा जीव. मेट तो बोटांनी निपटत बसतो आणि मनात काय म्हणतो ते विचारू नका.

कोणता मासा धरला

मर्यादा मोजायला ओळख लागते. तोंड उघडून हिरड्या बघा. काळ्या हिरड्या आणि शेपटीच्या दोन्ही पाकळ्यांवर ठिपके असतील तर किंग. तोंड काळपट, पण दातांच्या मुळाशी हिरडी पांढुरकी, आणि ठिपके फक्त शेपटीच्या वरच्या पाकळीवर असतील तर कोहो. तोंड आतून सगळं पांढरं आणि शेपूटभर ठिपक्यांच्या ओळी म्हणजे स्टीलहेड. गडद अंगावर फिके ठिपके आणि खोल दुभंगलेली शेपूट असेल तर लेक ट्राउट. ब्राउनची शेपूट जवळजवळ सरळ कापल्यासारखी असते.

पाठीवर शेपटीजवळ एक मांसल छोटा पर असतो. तो कापलेला दिसला तर मासा पैदास केंद्रातला, आणि त्याच्या नाकाडात केसाएवढी बारीक सांकेतिक तार असू शकते. अशा माशांची डोकी जमा करायला बंदरांवर पेट्या आणि फ्रीजर ठेवलेले असतात. तारेवरून मासा कधी आणि कुठे सोडला ते कळतं, आणि पुढे किती पिल्लं सोडायची याचा हिशेब त्या माहितीवरही चालतो. डोकं नक्की द्या.

धक्क्यावर आणि घरी

फेरी आवडली तर मेटला भाड्याच्या १५ ते २० टक्के बक्षिशी देण्याची रीत आहे. पहाटे तीनपासून तो राबत असतो. भाड्यात मेटची मजुरी धरलेली नसते, असं समजूनच चाला. मासे साफ करताना जवळ उभे राहा आणि कसे तुकडे हवेत ते आधीच सांगा. ही मंडळी काटा काढून सपाट फिले करतात. आपल्यासारख्या आडव्या तुकड्या हव्या असतील तर मासा फक्त पोट साफ करून मागा.

आता एक कटू गोष्ट. या सरोवरातल्या मोठ्या आणि तेलकट माशांत पीसीबी हे जुनं औद्योगिक रसायन साठलेलं असतं आणि ते चरबीत बसतं. राज्यं दरवर्षी कोणता मासा महिन्यातून किती वेळा खावा याचे तक्ते काढतात. गरोदर आणि मूल होण्याच्या वयातल्या स्त्रिया आणि लहान मुलं यांच्यासाठी मर्यादा अधिक कडक आहे. कातडी काढा, पोटाकडची चरबी, पाठीवरची चरबी आणि बगलेतला काळपट पट्टा कापून टाका, आणि चरबी गळून जाईल अशा तऱ्हेने भाजा. डोक्याचं कालवण हा आपला जीव की प्राण, पण इथे ते नको. गाबोळीलाही मी हात लावत नाही. लहान, कोवळा मासा मोठ्यापेक्षा बरा, म्हणूनही वसंतातला कोहो.

कोहो आणि स्टीलहेड हळद-मीठ-तिखट लावून रव्यात घोळून तळा, सुरमईची आठवण निघणार नाही. पण चरबी काढलेलाच मासा तळा, नाहीतर ती तव्यातच राहते. किंगचं मांस तेलकट, त्याला आंबटपणा आणि उग्र वास पेलतो. बांगड्याला घालतो तसं कोकम आणि चार तिरफळं घालून कालवण करा, फक्त चरबी काढलेला मासा शेवटी घाला, कारण पाच मिनिटांत हे मांस शिजतं आणि सातव्या मिनिटाला भुगा होतो. लेक ट्राउट मला रस्स्यात आवडत नाही. त्याला मीठ-साखर लावून रात्रभर ठेवावं आणि लाकडाच्या धुरावर भाजावं. शेजाऱ्याकडे स्मोकर असेल तर अर्धा मासा त्याला देऊन उरलेला भाजून घ्या.

फ्रीजरमध्ये ठेवायचा असेल तर हवा काढलेल्या पिशवीत, तारीख आणि माशाचं नाव लिहून ठेवा. तेलकट मासा लवकर खवट होतो. दोन-तीन महिन्यांच्या आत संपवा, म्हणजे गणपतीत येणाऱ्या शाकाहारी पाहुण्यांना फ्रीजर उघडताना दचकावं लागणार नाही.